बरोबरीचा नियम

मी आयुष्यात एवढ्या थापा मारल्या आहेत की त्या एकावर एक रचल्या तर बेर्शेबाच्या पाण्याच्या टाकीवरून खाली बघतील. अलिबागजवळच्या आमच्या गावात मी मारलेली किक भरतीच्या पाण्यात पडली आणि बॉल तीन दिवसांनी मुंबईला ससून डॉकवर सापडला, ही त्यातली सगळ्यात लहान. इथे इस्राएलला आल्यावर वाळवंट मिळालं, मग तर मला रानच मोकळं झालं. धुळीच्या वादळात आमच्या फॅक्टरीच्या मैदानावरून उडालेला बॉल मित्स्पे रामोनच्या खड्ड्यात जाऊन पडला आणि अजून खाली पोचायचा आहे, असं मी नव्या माणसाला शपथेवर सांगत असे. लोक हसायचे, मला चहा पाजायचे. ह्या थापांचं मला कधी काही वाटलं नाही. वाटतं ते एका अगदी बारीक थापेचं. तिच्यात ना समुद्र होता ना वादळ. चार शब्दांची होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही आठ जण होतो, सगळे मुंबई-ठाण्याकडून आलेले, सगळे बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, बहुतेक एकाच फॅक्टरीत. मी फिटर. पैकी सात जणांचं फुटबॉल खेळायचं वय उलटलं होतं आणि आठव्याला म्हणजे मला ते कधी आलंच नव्हतं. म्हणून आम्ही कागदावर खेळायचो. मोसम सुरू होताना प्रत्येकाने देशातल्या खऱ्या लीगमधले अकरा खेळाडू निवडायचे, कुठल्याही टीममधले, आणि यादी माझ्याकडे द्यायची. तुमच्या माणसाने गोल केला तर दोन गुण, त्याची टीम जिंकली तर एक, मैदानाबाहेर काढला तर दोन कमी. महिन्यातून एक माणूस बदलायची परवानगी. बदल शुक्रवारी मेणबत्त्या लागायच्या आत कळवायचा, कारण मॅचेस शनिवारी आणि शब्बाथला आम्ही लिहीत नाही.

रेडिओही लावत नाही. त्यामुळे शनिवारची दुपार म्हणजे हाल. शेजारच्या शिकुनमधल्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, बाल्कन्यांतून लोकांचे रेडिओ बोंबलायचे, अख्ख्या गल्लीत गोल व्हायचे, आणि आम्ही सिनेगॉगच्या आवारात ऐकू न आल्यासारखं तोंड करून बसायचो. कोणी पोरगं ओरडत धावत गेलं की आठही माना हळूच तिकडे वळायच्या. मग शब्बाथ सुटायला आकाशात तीन तारे दिसायची वाट. मी एकदा दिवसाउजेडी दोन तारे दाखवले होते, तिसरा माझ्या सासऱ्यांनी नाकारला. शब्बाथ सुटला, वाइनचा प्याला फिरला, की पहिलं काम रेडिओ आणि दुसरं माझी वही.

वही माझ्याकडे होती हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या तोंडातून आलेल्या गोष्टीवर त्या आवारात कुत्रंसुद्धा विश्वास ठेवत नसे. पण वहीतल्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नाही. "ह्याचं तोंड खोटं, वही खरी," असं आमच्यातले सर्वांत वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, ते सगळ्यांदेखत म्हणायचे, आणि मला त्या बोलण्याचा भारी अभिमान होता. मी त्या वहीला खाकी कव्हर घातलं होतं. पोरांना हात लावू देत नव्हतो.

वहीतले नियम दोघांनी केले होते, मी आणि माझा मित्र. तो फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये होता. ठाण्याचा माणूस, बोलायला कमी, दिवसभर नट-बोल्ट मोजून द्यायचा आणि पावती घेतल्याशिवाय स्वतःच्या सख्ख्या भावाला वॉशर देणार नाही. तरुणपणी मुंबईत गोलकीपर होता. त्याच्या उजव्या हाताच्या एका बोटाचा सांधा कायमचा वाकडा होता, आणि तो कसा वाकला हे मी सतरा प्रकारे सांगायचो, तो एकदाही नाही. पहिल्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत आम्ही नियम लिहीत होतो. मी भराभर लिहिलं आणि वही मिटायला लागलो, तर तो म्हणाला, दोघांचे गुण सारखे झाले तर काय. मी म्हटलं, आठ माणसांत कशाला सारखे होतील. तो म्हणाला, लिहून ठेव. मग त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. मला तो नियम आवडला नव्हता, कारण मी नेहमी पुढच्या फळीत भरणा करायचो आणि गोलकीपर जो उरेल तो घ्यायचो. पण लिहिला. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना नियम वाचून दाखवले तेव्हा कोणीतरी घरून वाटाण्याच्या करंज्या आणल्या होत्या, त्यामुळे ऐकलं कोणी असेल असं वाटत नाही.

चार वर्षं बरोबरी झाली नाही. चार वर्षं मी जिंकलोही नाही. चौथा, पाचवा, चौथा, आणि एकदा सातवा, त्या वर्षी आठव्याने मोसमाच्या मध्येच हैफाला बदली करून घेतली होती. जिंकणाऱ्याला कप मिळायचा. आमच्या टर्नरने पितळी पाइपाच्या तुकड्यातून तो काढला होता, कान म्हणून दोन्ही बाजूंना चहाचे चमचे वाकवून झाळले होते. ठशांनी एकेक हिब्रू अक्षर ठोकून त्यावर नाव उमटवायचं, आणि वर्षभर कप त्याच्या घरी. जगात त्याहून कुरूप कप नसेल. मला तो हवा होता. लीग मी काढली, वही मी सांभाळली, बोललो सगळ्यांत जास्त मी, आणि त्या पितळेवर माझं एक अक्षर नव्हतं.

पाचव्या वर्षी डिसेंबरात, हनुक्काच्या दिवसांत, माझा मित्र गेला. स्टोअरच्या शिडीवरून खोका काढताना छातीत कळ आली, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं. सात दिवस आम्ही त्याच्या घरी जमिनीवर बसलो. मी एरवी मयताच्या घरीही कोणालातरी हसवून येणारा माणूस, तिथे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, हे मी माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच.

सात दिवसांनंतरच्या शनिवारी तारे दिसले, वही उघडली आणि त्याच्या नावाशी येऊन मी थांबलो. नाना म्हणाले, काट मारू नकोस, वहिनीला विचार. वहिनी म्हणजे त्याची बायको. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती, कोकणातल्या खेड्यातून मुंबईत आणि तिथून इथे आलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. मराठी बोलायची फर्डी, वाचता कुठलीच भाषा येत नव्हती. मी विचारलं की तुमच्या नावाने चालू ठेवू का. ती म्हणाली, माझ्या नावाने कशाला, त्यांच्याच नावाने ठेवा.

मग ती दर शनिवारी बायकांच्या बाकावर येऊन बसायला लागली. मी गुण वाचायचो तेव्हा विणकाम खाली ठेवायची. महिन्याला मी विचारायचो, वहिनी, कोणी बदलायचा? आणि ती दर वेळी तेच म्हणायची, "त्यांनी लावलंय, मी कशाला हात लावू." मार्चात, पुरीमच्या सुमाराला त्याच्या टीममधल्या एकाचा पाय मोडला. मी, नाना, सगळ्यांनी सांगितलं की आता तरी बदला, प्लास्टरातला माणूस काय गोल करणार. तिने मान हलवली. अशा रीतीने एक मेलेला माणूस दहा जणांना घेऊन खेळत होता आणि दर आठवड्याला वर सरकत होता. मी जिवंत, अकरा जणांना घेऊन, दर महिन्याला डोकं खाजवत बदल करत, त्याच्या एक-दोन गुण पुढे. त्या वर्षी देवाच्या चुकीने मी पहिला होतो.

शेवटच्या शनिवारच्या आदल्या दिवशी माझी बायको बाजारातून आली. वहिनी तिला भाजीच्या गाड्यापाशी भेटली होती. बायकोने पिशवी रिकामी करता करता सांगितलं की वहिनीच्या मनात आहे, हिवाळ्यात वर्षाची अझकारा होईल, सगळी माणसं घरी येतील, प्रार्थना, जेवण, तेव्हा कप शोकेसमध्ये असला तर बरं. अझकारा म्हणजे आमच्याकडे माणूस जाऊन वर्ष झाल्याचा दिवस. "ती म्हणते, लोकांना दिसेल, हे नुसते नट-बोल्ट मोजत नव्हते." मी वांगं हातात घेऊन म्हटलं, बघू, उद्या काय होतं ते. म्हणजे मला माहीत होतं. पुढे जे झालं ते मला काही माहीत नसताना झालं, असं मी कितीतरी वर्षं मनाशी घोळवून पाहिलं. ती थाप माझ्यावरसुद्धा चालली नाही.

शनिवारी वाळवंटाकडून तापलेला वारा सुटला होता. तारे उशिरा दिसले. रेडिओवर निकाल, गोल करणाऱ्यांची नावं, नाना मोठ्याने म्हणायचे आणि मी लिहायचो. बेरीज केली, परत केली. मी दोनशे अकरा. तो दोनशे अकरा.

आवारात गलका झाला. टर्नरने माझ्या पाठीत थाप मारली, मेल्याने मेल्यावर पण सोडलं नाही तुला, म्हणाला. सगळे हसले, वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मग नाना म्हणाले, "वहीत काय लिहिलंय बरोबरीचं?"

मी पहिलं पान उघडलं. सातवा नियम. माझंच अक्षर. त्याचा गोलकीपर इथल्या बेर्शेबाच्याच टीमचा होता, त्याने वर्षभरात जेवढे गोल खाल्ले त्याच्या दुप्पट माझ्या उरल्यासुरल्याने खाल्ले होते. हे सांगायला वही नको होती. मी अंगठा सातव्या नियमावर ठेवला.

"वहीत तसं काही नाही," मी म्हटलं.

चार शब्द. आणि कोणी उठून बघायला आलं नाही. वही खरी होती ना.

नाना म्हणाले, मग कप वहिनीला देऊ, शोभून दिसेल. दोघा-तिघांनी होय म्हटलं. इथेही मी गप्प बसलो असतो तर वाचलो असतो. पण माझी जीभ एकदा सुटली की धुळीचं वादळ. मी उभा राहिलो आणि भाषण केलं. म्हटलं, माझ्या दोस्ताला दयेचा कप द्यायचा म्हणजे त्याचा अपमान आहे. तो हिशोबाचा माणूस, पावतीशिवाय वॉशर द्यायचा नाही, त्याला असा फुकटचा कप चालला नसता. फुटबॉल गोलांवर चालतो, तेव्हा ज्याच्या टीमने जास्त गोल केले तो वर, हा न्याय. माझ्या पुढच्या फळीने जास्त गोल केले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी एवढं छान बोललो की टर्नरच्या डोळ्यांत पाणी आलं. नाना दाढी खाजवत म्हणाले, बरं. वहिनीने विणकाम पिशवीत भरलं आणि जाताना मला म्हणाली, मुबारक हो, भाऊ.

कपावर माझं नाव ठोकलं गेलं. मी स्वतः पितळ घासून शोकेसमध्ये ठेवला. पाहुणा आला की त्या मोसमाची गोष्ट सांगायचो. दर वेळी ती वाढत होती, शेवटी शेवटी मी शेवटची मॅच जवळजवळ स्वतः खेळलो होतो. फक्त बरोबरी झाल्याचं सांगत नव्हतो.

हिवाळ्यात अझकारा आली. त्यांच्या दोन खोल्यांत चाळीसेक माणसं. तिच्या बहिणी लोदहून आल्या होत्या, अरादला दिलेली लेक नवऱ्याला घेऊन आली होती, फॅक्टरीचा मॅनेजरही डोक्यावर टोपी घालून कोपऱ्यात उभा होता. मुलाने कद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हटला. फळांवर आशीर्वाद म्हटले. मग जेवण, नारळाचा भात, त्यातला नारळ डब्यातला सुका कीस भिजवून केलेला, आणि मटण. त्यांच्या शोकेसमध्ये त्याचा एक फोटो होता आणि फोटोच्या शेजारी जागा रिकामी होती. मुद्दाम ठेवली होती की नेहमीच तशी होती, मला माहीत नाही. मी त्या बाजूला पाठ करून बसलो.

लोक म्हणाले, तुमच्या दोस्ताचं काहीतरी सांगा. मी सांगितलं. त्याने मुंबईत पावसात पेनल्टी कशी अडवली, बॉल एवढा जोरात आला की त्याच्यासकट गोलपोस्ट मागे सरकला, पण रेषा तिथेच राहिली म्हणून गोल धरला नाही. घर हसलं. मॅनेजरला त्याच्या शेजाऱ्याने हिब्रूत समजावलं आणि तोही हसला. त्या हसण्यात वहिनी भात वाढत माझ्यापाशी आली. खाली वाकून, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने तिने विचारलं,

"भाऊ, ह्यांनी गोलकीपरचा काही नियम लिहून दिला होता ना तुम्हाला?"

"कुठला नियम, वहिनी?"

"बरोबरीचा. लिहिला त्या दिवशी घरी येऊन सांगत होते."

मला तेव्हा तिथेच ताटावरून उठता आलं असतं. मी म्हटलं, "नाही हो. तसं काही आठवत नाही."

तिने मान हलवली, जशी प्लास्टरवाल्या खेळाडूच्या वेळी हलवली होती तशीच, आणि माझ्या ताटात आणखी एक मोठा चमचा भात वाढला. तो मी संपवला. सगळा.

पुढच्या मोसमात मी लीग काढली नाही. फॅक्टरीत शिफ्ट बदलल्यात म्हणून सांगितलं. कोणी फारसं काही म्हटलं नाही, टीव्ही आले होते. कप माझ्याकडेच राहिला. वहिनी नोकरीतून सुटल्यावर लेकीकडे अरादला राहायला गेली.

आता मला स्वतःहून पश्चात्ताप झाला आणि मी एक दिवस सकाळी उठून निघालो, असं इथे लिहायला हवं. तसं काही झालं नाही. पुष्कळ वर्षं गेली. नाना गेले. आम्ही घराला रंग काढला तेव्हा कपाटाच्या माथ्यावरून खाकी कव्हरची वही पडली. मी कामावर होतो. संध्याकाळी जेवायला बसलो तर माझ्या ताटाशेजारी वही, पहिलं पान उघडं. माझी बायको मुंबईत सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आहे. तिने आमटी वाढली, भाकरी वाढली, पाणी ठेवलं. ताट उचलताना म्हणाली, "अरादची बस सकाळी आठला आहे."

मी रजा घेतली. पिशवीत वही आणि कप. टर्नर रिटायर झाला होता, पण त्याच्या घरून ठसे मागून आणले होते आणि रात्रीच्या जेवणानंतर मोरीत बसून कपावर मित्राचं नाव ठोकलं होतं, माझ्या नावाच्या वर. अक्षरं थोडी वाकडी आली.

वहिनी बाल्कनीत तांदूळ निवडत बसली होती. केस सगळे पांढरे. मला बघून आनंदली, बायकोची विचारपूस केली, नातीला चहा ठेवायला सांगितलं. नात आतून हिब्रूत काहीतरी म्हणाली आणि ठेवला. मी येतानाच्या बसमध्ये भाषण जुळवलं होतं, पहिल्यापेक्षा मोठं. तिथे बसल्यावर त्यातलं काही आलं नाही. वही काढून म्हटलं, वहिनी, तो नियम होता. मी खोटं बोललो. आवारात एकदा आणि तुमच्या घरी एकदा.

ती तांदळात बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "वाचून दाखवा."

मी वाचलं. "नियम सातवा. दोघांचे गुण सारखे झाले तर ज्याच्या गोलकीपरने वर्षभरात कमी गोल खाल्ले तो वर."

"पुढे अजून आहे."

होतं. मी मुद्दाम थांबलो होतो. त्याने सांगितलेलं कारण मी तेव्हा तसंच्या तसं लिहिलं होतं. माझा आवाज फॅक्टरीत मशिनवरून ऐकू जातो अशी ख्याती, तो बाल्कनीच्या कठड्यापर्यंत गेला नसेल. "कारण गोल करणाऱ्याला सगळे बघतात. अडवणाऱ्याला कोणी बघत नाही."

"अस्संच म्हणाले होते," ती म्हणाली. "परत वाचा."

परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग मी कप काढला आणि तिच्या पुढ्यात सुपाशेजारी ठेवला. तिने त्याच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, ह्यांचं नाव कुठलं. मी दाखवलं. वाकडं आलंय, म्हणाली. मी होय म्हटलं.

तिने कप उचलून माझ्या पिशवीत परत घातला. रागाने नाही, एखाद्याचा राहिलेला डबा परत द्यावा तसा.

"त्या दिवशी घरात चाळीस माणसं होती, भाऊ," ती म्हणाली. "आता कोणाला दाखवू?"

वही मात्र ठेवून घेतली. वाचता येत नसताना. चहा आला, मी प्यालो.

परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर होती आणि कपाचे चमच्याचे कान बाहेर डोकावत होते. ड्रायव्हर मोरोक्कोकडचा, गप्पिष्ट. त्याने आरशातून बघून हिब्रूत विचारलं, काय जिंकलात साहेब? बसमध्ये वीस-पंचवीस माणसं असतील, निम्मी माझ्याकडे वळली. बेर्शेबा अजून तासभर लांब होतं. एवढे श्रोते मला फुकट क्वचितच मिळाले असतील.

"माझा नाही," मी म्हटलं, आणि कान आत ढकलून पिशवीचं तोंड मिटलं.